सहाव्या चौकोनातला खांब

४ फेब्रुवारी

ठिणगे,

सोमवारी सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी मी तुमच्या वर्तमानपत्राच्या वेबसाइटवर एक प्रतिक्रिया दिली. आज बुधवार. ती अजून दिसलेली नाही. तू प्रतिक्रिया विभागात नोकरीला आहेस, म्हणजे हा बिघाड तुझ्या हद्दीत येतो. फोन केला असता, पण फोन स्वयंपाकघरात असतो आणि स्वयंपाकघरात तुझी मामी असते. शिवाय फोनवर बोललेल्याची नोंद राहत नाही. या पत्राची कार्बन प्रत मी ठेवली आहे.

बातमी होती स्वतःच्या आत बघू शकणाऱ्या फ्रिजची. दूध संपलं की तो मालकाला निरोप पाठवतो. माझी प्रतिक्रिया अशी: "मी चौतीस वर्षं वीज उपकेंद्रात यंत्रचालक होतो. दार उघडलं की आतला दिवा लागतो, एवढं फ्रिजला कळलं तरी पुरे. घरातलं दूध संपल्याचं ज्याला फ्रिजकडून कळतं, त्याला चहा देऊ नये. नोंद घेतली."

यात आक्षेपार्ह काय आहे ते कळव. गेले सात महिने मी वाचनालयात जाऊन रोज एक प्रतिक्रिया देतो. आजवर एकही अडली नव्हती. पासवर्ड मागणाऱ्या दिव्याबद्दल मी फक्त विचारलं होतं, की अंधारात पासवर्ड कसा वाचायचा. एक माणूस स्वतःच्या झोपेचं थेट प्रक्षेपण करतो, त्याच्याबद्दल लिहिलं होतं, की हा उपकेंद्रात असता तर निलंबित झाला असता, इथे त्याला तेरा लाख लोक बघतात. तेही छापलंत. मग फ्रिजने काय घोडं मारलं?

आमच्याकडची बातमी. बंद पडलेल्या कागद कारखान्यात डेटा सेंटर येणार आहे. म्हणजे लोक जेवण गार होईपर्यंत त्याचे फोटो काढणार, आणि ते फोटो साठवणारी यंत्रं गार ठेवायला आम्ही वीज देणार. वीज चार नंबरच्या फीडरवरून द्यायचं घाटतं आहे. शहराच्या पूर्वेला वीज नेणारी जमिनीखालची केबल म्हणजे चार नंबरचा फीडर. त्याच्यावर एवढा भार टाकू नये, असं माझं मत आहे. कारण विचारू नकोस. मत आहे.

तुझ्या आईला सांग, मी विचारलं आहे. मामीला कळू देऊ नकोस.

मामा

ता. क. पाकिटं चिकटवायचं काम माझ्याकडे असतं. मामी.


९ फेब्रुवारी

मामा,

पत्र पोचलं. मामीची ओळही पोचली.

तुझी प्रतिक्रिया मी अडवलेली नाही. आमच्याकडे नवीन यंत्र आलं आहे, त्याने अडवली. त्याचं काम एकच: माणसांच्या प्रतिक्रिया कुठल्या आणि यंत्रांनी लिहिलेल्या कुठल्या, हे ओळखायचं. ऑफिसात त्याला आम्ही जावई म्हणतो. त्याच्या खोलीला एसी आहे, सगळे त्याला जपतात आणि त्याच्या शब्दापुढे कोणी जात नाही. आमच्या खोलीत मी, दाढीवाला सहकारी आणि एक पंखा.

जावयाच्या मते तू यंत्र आहेस. अठ्ठ्याण्णव टक्के. दाढीवाला म्हणतो, उरलेले दोन टक्के मामीमुळे.

असं का झालं ते सांगते. तू प्रसिद्ध झालास. तुझं शेवटचं "नोंद घेतली" पोरांना आवडलं. आधी चारपाच जण लिहायला लागले. मग जानेवारीत एका गायकाने केस कापले, आणि त्या बातमीखाली एका दिवसात चारशे बारा लोकांनी "नोंद घेतली" एवढंच लिहिलं. कोणाचं लग्न ठरलं, नोंद घेतली. कोणाचं मोडलं, नोंद घेतली. आता टी-शर्टही निघाले आहेत. जावयाने यावरून निष्कर्ष काढला, की एकच यंत्र चारशे बारा नावांनी लिहितं आहे, आणि त्या कारस्थानाचं मूळ तू.

तुझ्याविरुद्धचा पुरावा मी पाहिला. तू रोज दहा वाजून पाच मिनिटांनी येतोस. तू कधीच चिडत नाहीस. तू कोणाचंही खानदान काढलेलं नाहीस. इंटरनेटवर सात महिने कोणाचं खानदान न काढलेला माणूस जावयाला माहीत नाही, मामा, आणि खरं सांगायचं तर मलाही नाही.

उपाय सोपा आहे. जरा वेळ बदल. थोडा चिड. आणि वेबसाइट आता तुला चित्रांची परीक्षा देईल, ती देऊन टाक. सगळे देतात, दहा सेकंदांचं काम.

आईला तुझा निरोप दिला. ती म्हणाली, "डबा सापडला का, एवढं विचार." एकोणीस वर्षं ती हेच म्हणते. मला त्या सुट्टीतलं काही आठवत नाही, मी चार वर्षांची होते. आम्ही तुमच्याकडे आठ दिवस राहिलो, दुपारच्या गाडीने निघालो, आणि मामीचा बटणांचा डबा नाहीसा झाला. तेव्हापासून मामी म्हणते आईने नेला, आई म्हणते नेला नाही, आणि दोघी एकमेकींच्या घराची पायरी चढलेल्या नाहीत. तू इतक्या गोष्टींवर मत देतोस. यावर तुझं मत मी अजून ऐकलेलं नाही.

ठिणगी


१४ फेब्रुवारी

ठिणगे,

सल्ल्याप्रमाणे मी मंगळवारी दहा वाजून सात मिनिटांनी गेलो. चिडायचाही प्रयत्न केला. तरंगत्या पवनचक्क्यांच्या बातमीखाली "हे बरोबर नाही" असं लिहिलं. मग परीक्षा आली.

नऊ चौकोन. वर सूचना: विजेचे खांब असलेली सगळी चित्रं निवडा.

मला बरं वाटलं. विषय माझा होता. पहिल्या चौकोनात खांब, विजेचा, काँक्रीटचा, थोडा कललेला. निवडला. तिसऱ्यात जाळीचा मनोरा. मनोरा म्हणजे खांब नव्हे, पण शिकवण्याच्या दृष्टीने चालवून घेता येईल. निवडला. आठव्यात खांब नाही, फक्त खांबाला आधार देणारी ताणतार आहे. सोडला. आणि सहाव्या चौकोनात टेलिफोनचा खांब आहे.

तो टेलिफोनचाच आहे. उंची कमी. तारा एकमेकींना चिकटून. तार खांबापासून वेगळी ठेवणारे चिनी मातीचे चिमणे मोठे हवेत, ते नाहीत. वर टेलिफोनची पेटी आहे, आणि पेटीवर कावळा. विजेच्या खांबावर त्या जागी कावळा बसला असता तर तो चित्रात आला नसता. मी सहावा सोडला आणि बटण दाबलं.

यंत्र म्हणालं, पुन्हा प्रयत्न करा.

पुन्हा तेच चित्र, दुसऱ्या जागी. मी पुन्हा सोडलं. असं अकरा वेळा झालं. वाचनालयाच्या बाई माझ्या खुर्चीमागे येऊन उभ्या राहिल्या. त्यांच्यामागे पेपर वाचणारे दोघं आले. बाई म्हणाल्या, "काका, दाबा की तो खांब. तुमच्या बापाचं काय जातंय?" मी त्यांना ताणतार आणि चिमणे समजावून सांगितले. पेपरवाल्यांपैकी एक जण ऐकत ऐकत बसला. दुसरा म्हणाला, जगात असेच लोक आहेत म्हणून बस वेळेवर येत नाही. संबंध मला कळला नाही.

बाराव्या वेळी यंत्राने लिहिलं: आपण माणूस असल्याची खात्री होऊ शकली नाही.

ठिणगे, मला नोकरीत दोनदा चांगल्या कामाचं प्रशस्तिपत्र मिळालं आहे. दोन्हींवर माणसाचं नाव आहे.

पण खरी अडचण पुढे आहे. डेटा सेंटरला चार नंबरच्या फीडरवरून वीज देण्याबाबत हरकती मागवल्या आहेत. मी हरकत लिहून वीज कार्यालयात गेलो. खिडकीतल्या गृहस्थांनी कागद हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला आणि परत दिला. हरकत फक्त संगणकावर घेतात. मी वाचनालयात येऊन त्यांचं पान उघडलं. तिथे तीच परीक्षा. तोच खांब. तोच कावळा.

शेवटची तारीख अठ्ठावीस.

मामा

ता. क. हे आता जेवताना भिंतीकडे बघतात. रस्त्यावर खांब दिसला की थांबतात. काल भाजी आणायला दीड तास लागला. मामी.


१८ फेब्रुवारी

मामा,

तुझं पत्र मी ऑफिसात मोठ्याने वाचलं. चूक झाली. दाढीवाला टेबलाखाली गेला तो वर येईना. मग त्याने जाऊन ती परीक्षा दिली, सहावा चौकोन न बघता दाबला आणि पास झाला. त्याला विजेचा खांब आणि टेलिफोनचा खांब यातला फरक आजही माहीत नाही. माणूस असायला तो लागत नाही.

आता मी ऐकवते ते शांतपणे ऐक. जावई आला त्या पहिल्या दिवसापासून तू अडतो आहेस. ऑगस्टपासून. रोज सव्वादहाला मी तुझी प्रतिक्रिया जावयाच्या टोपलीतून हाताने उचलून बाहेर ठेवत होते. तुला कधी सांगितलं नाही. तुझा फ्रिज अडला त्या सोमवारी साहेबांना ते कळलं. त्यांनी मला केबिनमध्ये बोलावून विचारलं, की तुम्ही यंत्रांना सामील आहात का. मी म्हटलं, ते माझे मामा आहेत. ते म्हणाले, सगळे असंच सांगतात.

तर यापुढे माझा हात पोचणार नाही. तुला स्वतःलाच पास व्हावं लागेल. नाहीतर हरकतीचा मजकूर मला पाठव, इथून मी भरते. एक मिनिट लागेल. तो खांब कोणाचा आहे याने कावळ्यालाही फरक पडत नाही.

आणि एक विचारते. फ्रिज, फोन, झोपणारा माणूस, सगळ्याची तू कारणं देतोस. चार पानी कारणं देतोस. चार नंबरच्या फीडरचं मात्र नुसतं "मत आहे". त्या केबलचं काय आहे?

ठिणगी


२१ फेब्रुवारी

ठिणगे,

या पत्राची कार्बन प्रत काढलेली नाही. पाकीट वाचनालयातल्या डिंकाने चिकटवलं आहे. वाचून झालं की फाडून टाक. फाडल्याची नोंद करू नकोस. उत्तर वाचनालयाच्या पत्त्यावर पाठव.

तू भरू शकत नाहीस, कारण हरकतीच्या खाली वाक्य आहे: "वरील माहिती मी स्वतः भरली असून ती खरी आहे." मी एकदा खोट्याखाली सही केलेली आहे. तेव्हापासून करत नाही. सहावा चौकोन दाबत नाही तोही त्यामुळेच. तुला तो हट्ट वाटला. मी वाटू दिलं असतं तर मलाही वाटला असता.

एकोणीस वर्षांपूर्वीची गोष्ट. रविवार. दुपारी पाण्याची पाइपलाइन खणणाऱ्यांनी बेकरीसमोर चार नंबरची केबल तोडली. त्या केबलवर प्रसूतीचा दवाखाना होता. आत दोन बाया अडलेल्या आणि जनरेटर दुरुस्तीला गेलेला. केबल जोडणारा माणूस गावाला गेला होता, म्हणून मी खड्ड्यात उतरलो. आतला जोड मी नियमाप्रमाणे केला. पण जोड झाला की त्याच्याभोवती लोखंडी पेटी बसवून तिच्यात गरम डांबर ओततात, म्हणजे पाणी शिरत नाही. तिला जोडपेटी म्हणतात. जोडपेटी भांडारात होती. भांडाराला कुलूप होतं. किल्लीवाला सासुरवाडीला होता. आणि आभाळ भरून आलं होतं.

आमचं घर बेकरीच्या मागेच. मी धावत घरी आलो. मामी तुम्हाला गाडीत बसवायला स्टेशनवर गेली होती. मला हातभर लांबीचा, दोन्हीकडून भोक पाडता येईल असा, घट्ट झाकणाचा पत्र्याचा डबा हवा होता. घरात असा एकच डबा होता.

हो. तोच. झाकणावर दोन हंस.

आतला माल मी उशीच्या अभ्र्यात ओतला. बटणं, सुया, दोऱ्याची सहा रिळं, एक अंगुस्तान. डबा नेला, भोकं पाडली, केबलवर बसवला, डांबर ओतलं. चार वाजून दहा मिनिटांनी वीज आली. साडेचारला एक मुलगी झाली, पाचला दुसरी. मी उपकेंद्रात जाऊन वहीत लिहिलं: "जोडपेटी बसवली." खाली सही केली.

सोमवारी खरी पेटी आणून बदलणार होतो. सोमवारी खड्डा बुजवून वर डांबरी रस्ता झालेला होता. आपल्याकडे एवढं काम एवढ्या लवकर आयुष्यात एकदाच झालं.

घरी आलो तर मामी अभ्रा हातात घेऊन बसली होती. ती म्हणाली, "सकाळी वन्सं म्हणाल्या होत्या, वहिनी, डबा किती सुंदर आहे." तो डबा तिच्या वडिलांच्या शिंपीकामाच्या दुकानातला होता. ते गेल्यावर तिने एवढीच एक वस्तू आणली होती. मी म्हटलं, उद्या सांगू. दुसऱ्या दिवशी तिने तुझ्या आईला पत्र टाकलेलं होतं. मग वाटलं, उत्तर आलं की सांगू. उत्तर वाचल्यावर तर सांगायची सोय राहिली नाही. मग सेवानिवृत्त झाल्यावर सांगू असं ठरवलं. सेवानिवृत्त होऊन सहा वर्षं झाली.

एवढा भार पडला तर तो जोड तापेल. तापला तर दवाखाना अंधारात जाईल. डब्यात सबंध डेटा सेंटर कसं मावेल?

मामा


२४ फेब्रुवारी

मामा,

पत्र फाडलेलं नाही. फाडवलं नाही.

एकोणीस वर्षं तू जगातल्या प्रत्येक यंत्राबद्दल खरं बोललास आणि घरातल्या डब्याबद्दल गप्प राहिलास. माझी आई दर वर्षी एकदा कपाट पूर्ण रिकामं करते. मला वाटायचं, साफसफाई करते. परवा मी विचारलं. ती म्हणाली, "चुकून माझ्याच सामानात आला नसेल ना, ते बघते." तिला स्वतःचीही खात्री राहिलेली नाही.

मी आईला सांगणार नाही. ते तुझं काम आहे. आधी मामीला सांग, मग आईला. पण त्याच्याही आधी अठ्ठावीस तारीख येते. तिथे दोन बाया नेहमीच अडलेल्या असतात.

खांब दाब, मामा.

ठिणगी


३ मार्च

ठिणगे,

दाबला.

अठ्ठावीस तारखेला सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी वाचनालयात गेलो. वाचनालयाच्या बाईंनी माझ्यासाठी खुर्ची राखून ठेवली होती. पेपरवाले दोघंही होते. पहिला, तिसरा, मग थांबलो. कावळ्याकडे पाहिलं. मग सहावा दाबला.

यंत्र ताबडतोब म्हणालं: धन्यवाद. आपण माणूस आहात.

बारा वेळा खरं बोललो तेव्हा मी यंत्र होतो. एकदा खोटं बोललो तर माणूस झालो. यावर माझी प्रतिक्रिया आहे, पण ती कुठे द्यायची ते कळत नाही. बाईंनी टाळ्या वाजवल्या. बसवाल्या गृहस्थांनी हात मिळवला.

मग हरकतीच्या रकान्यात मी सगळं खरं लिहिलं. तारीख, वेळ, डब्याची मापं, डांबर किती, वहीतली खोटी नोंद, पान क्रमांक एकशे बारा. हंसांचा उल्लेख केला नाही, तांत्रिकदृष्ट्या ते लागत नव्हते. "पाठवा" दाबल्यावर पडद्यावर अक्षरं आली: "आपली नोंद घेतली आहे."

माझंच वाक्य मला कोणी ऐकवायची ही पहिली वेळ. पोरांना त्यात काय गंमत वाटते ते मला अजून कळलेलं नाही. मला भीती वाटली.

सोमवारी वीज कार्यालयातून इंजिनियर बाईंचा फोन आला. फोन मामीने घेतला, पण नशिबाने बाई फक्त "काका आहेत का" एवढंच म्हणाल्या. सहा तारखेला बेकरीसमोर खणणार आहेत. मला हजर राहायला सांगितलं आहे. मी विचारलं, माझ्यावर कारवाई होईल का. त्या म्हणाल्या, अशा अर्जासाठी त्यांच्याकडे रकानाच नाही.

मामीला अजून सांगितलेलं नाही. सहा तारखेला तिला मोठ्या बाजारात पाठवायचं ठरवलं आहे. चादरी घ्यायच्या आहेत असं सांगेन. चादरी खरंच घ्यायच्या आहेत. हे पाकीटही वाचनालयातच चिकटवतो आहे.

मामा


८ मार्च

वन्सं,

एकोणीस वर्षांनी तुम्हाला लिहिते आहे. मागच्या पत्राला तुम्ही दिलेलं उत्तर माझ्याकडे आहे. त्यातले दोन शब्द मला तेव्हा शब्दकोशात बघावे लागले होते.

डबा सापडला.

सगळी हकिगत पोरीला माहीत आहे, तिला विचारा. मी फक्त परवाचं सांगते. यांनी मला चादरी आणायला मोठ्या बाजारात पाठवलं. गेल्या तीस वर्षांत यांनी घरातल्या चादरीकडे पाहिलेलं नाही, तेव्हाच संशय आला होता. बस निघाली, आणि पुढे रस्ता खणलेला म्हणून बेकरीसमोरच थांबली. खिडकीतून बघते तर खड्ड्याच्या काठावर हे, डोक्यावर पिवळं शिरस्त्राण. मी उतरले.

खड्ड्यात इंजिनियर बाई होत्या, आपल्या ठिणगीएवढ्याच असतील. त्यांनी डांबर खरवडून काढलं. खाली पांढरा रंग दिसला. मग चोच दिसली. मग दुसरी चोच. बाई वर बघून यांना म्हणाल्या, "काका, ही जोडपेटी कुठल्या कंपनीची?"

मी म्हटलं, "माझ्या वडिलांची."

त्यानंतर बराच वेळ कोणी खणलं नाही. बेकरीवाला बाहेर येऊन उभा राहिला. यांनी शिरस्त्राण काढलं, मला द्यायला लागले, मी घेतलं नाही. मग यांनी सगळं सांगितलं, तिथेच, रस्त्यात, बसमधली माणसं ऐकत असताना. वेळा सांगितल्या, मिनिटंसुद्धा. शेवटी म्हणाले, "मी तुझ्याशी खोटं बोललो नाही. मी फक्त बोललो नाही." मी म्हटलं, "हे मला पत्नी म्हणून सांगताय की फीडर म्हणून?"

बाईंनी डबा कापून काढला. आतला जोड कोरडा ठणठणीत निघाला. बाई म्हणाल्या, हाताने केलेला इतका चांगला जोड त्यांनी पाहिला नव्हता. हे लाजले. मी बघते आहे हे लक्षात आल्यावर थांबले. आता तिथे नवी केबल पडणार आहे, दवाखान्याला वेगळी आणि त्या फोटोवाल्यांना वेगळी. बाईंना डबा पुरावा म्हणून न्यायचा होता. मी चादरींसाठी नेलेल्या पिशवीत घालून घरी आणला. दोन्ही बाजूंना भोकं आहेत, एका हंसाला मान नाही. बटणं अजून त्याच अभ्र्यात होती. हे दोन दिवस बसून रंगाप्रमाणे लावताहेत. मी त्यांना मधूनच पुन्हा मिसळून देते.

वन्सं, मी चुकले. हे वाक्य मी एकदाच लिहिणार आहे. कार्बन प्रत ठेवलेली नाही.

एक गोष्ट तेवढी राहिली. डब्यात वडिलांची कात्री होती, पितळी मुठीची. ती मिळालेली नाही. हे म्हणतात, डब्यात कात्री नव्हतीच, त्यांनी माल ओतताना पाहिलं होतं. पण यांच्या नोंदींवर माझा आता विश्वास उरलेला नाही. कात्री खड्ड्यातच राहिली असणार. मी इंजिनियर बाईंना सांगितलं. त्या फार चांगल्या आहेत. सोळा तारखेला रस्ता पुन्हा खणून देते म्हणाल्या.

तुमची वहिनी


११ मार्च

वहिनी,

हे पत्र आधी इंजिनियर बाईंना दाखवा, मग वाचा. रस्ता पुन्हा खणू देऊ नका.

डबा मी नेला नव्हता, हे मी एकोणीस वर्षं सांगत होते. तुम्ही प्रत्येक वेळी डब्याचंच विचारलंत. त्या दिवशी सकाळी पोरीच्या फ्रॉकचा दोरा लोंबत होता, तो कापायला मी कात्री घेतली आणि घाईत पर्समध्ये टाकली. घरी पोचल्यावर सापडली. पोस्टाने पाठवायला म्हणून कागदात गुंडाळली, तोच तुमचं पत्र आलं. तेव्हा कात्री पाठवली असती, तर डबाही मीच नेला असं झालं असतं.

मग ती तशीच राहिली. दर वर्षी कपाट काढते तेव्हा तेल लावून ठेवते. धार उत्तम आहे.

दादाला म्हणावं, त्याची एक नोंद खरी निघाली.

ठिणगीला घेऊन शनिवारी येते. कात्री बरोबर आणते आहे. नोंद घ्यावी.

तुमची नणंद